फिलिपिन्स : काढून लावलेलं सैन्य परत का बोलावलं?

वसुधा

१६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपिन्सच्या सेनेटने अमेरिकेशी झालेला तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेचं नौदल सुबिक बे हा आपला तळ सोडून गेलं. २०२३ मध्ये त्याच देशाने अमेरिकन सैन्यासाठी आणखी चार ठाणी खुली केली, आधीची पाच धरून एकूण नऊ. मधल्या काळात, २०१६ मध्ये, त्यांचे अध्यक्ष दुतेर्ते बीजिंगमध्ये जाऊन अमेरिकेपासून फारकत जाहीर करून आले होते.

बातम्यांतून हे तुकड्यातुकड्यांनी वाचलं की देश लहरी वाटतो. सहा वर्षांची एकच कारकीर्द मिळते, नवा अध्यक्ष येतो आणि जुन्याचं सगळं फिरवतो, असं सरसकट लिहिलंही जातं. गेली काही वर्षं हा विषय सातत्याने वाचल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. फिलिपिन्सने मित्र फारसा बदललेला नाही. बदलत गेल्या त्या मैत्रीच्या अटी. आणि त्या अध्यक्षांच्या भाषणांपेक्षा सेनेट, राज्यघटना, सैन्य आणि समोरचा समुद्र यांनी बदलल्या. म्हणून हा धागा.

सुरुवात १८९८ पासून करावी लागेल. स्पेनची सत्ता तिथे तीनशेहून जास्त वर्षं होती. १२ जून १८९८ ला एमिलिओ आगिनाल्दो यांनी काविते प्रांतात स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच डिसेंबरात पॅरिसमध्ये स्पेन आणि अमेरिकेने आपसात तह केला आणि अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजून ही बेटं घेतली. फिलिपिनो प्रतिनिधीला त्या बैठकीत जागाही नव्हती. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध पेटलं. लढाई, उपासमार आणि कॉलरा मिळून किमान दोन लाख नागरिक मेले असं साधारण मानलं जातं. समार बेटावर बालांगिगा गावात फिलिपिनोंनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केल्यावर जो सूड घेतला गेला, त्यात गावच्या चर्चच्या घंटाही अमेरिकन सैनिक घेऊन गेले. त्या तीन घंटा परत यायला डिसेंबर २०१८ उजाडला.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. १९४२ मध्ये जपान्यांविरुद्ध बातान द्वीपकल्पावर फिलिपिनो आणि अमेरिकन सैनिक एकत्र लढले, एकत्र शरण गेले, एकत्र मेले. १९४५ च्या मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. काही जपान्यांच्या कत्तलीत, काही अमेरिकन तोफखान्याखाली. तरीही अमेरिका सुटका करणारी म्हणूनच लोकांच्या मनात राहिली. पूर्वीच्या धन्याबद्दल इतकं गुंतलेलं नातं आशियातल्या दुसऱ्या कुठल्या वसाहतीत मला दिसलेलं नाही. ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य मिळालं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच. त्यासोबत अमेरिकेचा बेल व्यापार कायदा आला. तिथलं चलन पेसो डॉलरला २ या दराने बांधला गेला, आणि देशातल्या खाणी, जंगलं, जमिनी वापरायला अमेरिकन नागरिकांना फिलिपिनोंच्या बरोबरीचा हक्क देण्यासाठी राज्यघटना दुरुस्त करावी लागली. मनिला बेचिराख होती आणि युद्धाच्या नुकसानभरपाईची मोठी रक्कम या अटीला बांधलेली होती. मार्च १९४७ मध्ये तळांचा करार झाला, मुदत ९९ वर्षं. १९५१ मध्ये परस्पर संरक्षण करार.

पहिलं वळण मला १९६२ मध्ये दिसतं आणि ते सहसा कोणी मोजत नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ७.३ कोटी डॉलरच्या उरलेल्या युद्धभरपाईचं विधेयक मे महिन्यात फेटाळलं. त्याच आठवड्यात अध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनला आणला. तळ जिथल्या तिथे राहिले, करार राहिले. पण आम्हाला स्वातंत्र्य कोणी दिलं नाही, आम्ही ते जाहीर केलं होतं, हे देशाने त्या दिवशी अधिकृतपणे म्हटलं.

मग अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस. १९६६ मध्ये ९९ वर्षांची मुदत कापून २५ वर्षांवर आणली गेली, म्हणजे शेवट १९९१. १९७९ च्या दुरुस्तीने तळांवर फिलिपिन्सचं सार्वभौमत्व, फिलिपिनो कमांडर आणि फिलिपिन्सचा झेंडा आला. सायगाव पडल्यावर सहा आठवड्यांच्या आत, जून १९७५ मध्ये, मार्कोस बीजिंगला जाऊन चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासोबत सही करून आले. तैवान सोडला, चीनला मान्यता दिली. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघाशीही राजनैतिक संबंध जोडले. हुकूमशहा होता, देश लुटला, त्याबद्दल दुमत नाही. पण अमेरिका व्हिएतनाममधून निघते आहे हे पाहून शेजारच्या मोठ्या देशाशी दार उघडायला त्याने वेळ लावला नाही.

१९९१ च्या मताकडे येऊ. मार्कोसची सत्ता जाऊन पाच वर्षं झाली होती. ज्या अमेरिकेने तळांसाठी मार्कोसला इतकी वर्षं सांभाळलं, तिच्याबद्दलचा राग ताजा होता. जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट होऊन क्लार्कचा हवाई तळ राखेखाली गेला होता. सुबिकसाठी वर्षाला २०.३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि अनेकांना ती रक्कम अपमानकारक वाटली. सोव्हिएत संघ मोडत होता, बाहेरून कोणी चाल करून येईल असं कोणाला वाटत नव्हतं. अध्यक्षा कोराझोन आकिनो कराराच्या बाजूने होत्या, त्यांनी त्यासाठी सेनेटवर मोर्चाही नेला. तरी सेनेटने नाही म्हटलं. अध्यक्षाची इच्छा आणि देशाचा निर्णय वेगळे असू शकतात याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तळ गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये पलावन बेटापासून सुमारे २४० किलोमीटरवरच्या मिसचीफ रीफ या प्रवाळखडकावर चीनने बांधकामं केल्याचं उघड झालं. चीनने तळ जाण्याची वाट पाहिली होती की नाही यावर वाद आहे. फिलिपिन्सच्या सैन्याने मात्र तो धडा तसाच घेतला. १९९८ मध्ये भेटीवर येणाऱ्या सैन्याचा करार झाला आणि १९९९ मध्ये सेनेटने त्याला मान्यता दिली. त्या वेळी अध्यक्ष होते जोसेफ एस्त्रादा. १९९१ मध्ये तळांच्या विरोधात मत देणाऱ्या बारा सेनेटरांपैकी एक.

पुढचं आपण प्रतिसादांत बोलू. २०१२ चा स्कारबरो खडकावरून चीनशी झालेला वाद, समुद्रावरच्या दाव्यांचा आंतरराष्ट्रीय लवाद, दुतेर्ते, सगळंच येऊ द्या.

जयराज

उत्तम धागा. एस्त्रादांची माहिती नव्हती.

एक प्रश्न. आताचे अध्यक्ष त्याच मार्कोसांचे चिरंजीव. १९८६ मध्ये अमेरिकनांनी या कुटुंबाला राजवाड्यातून हेलिकॉप्टरने उचललं आणि हवाईला नेऊन ठेवलं. घरातल्या माणसांच्या मनात ते राहणार नाही का? मग हाच माणूस अमेरिकेच्या इतका जवळ कसा गेला?

वसुधा

जयराज, निवडणुकीच्या वेळी बहुतेकांचा अंदाज असा होता की धाकटे मार्कोस चीनशी जुळवून घेतील. प्रचारात ते चीनशी थेट बोलणी करण्याचं म्हणत होते. जानेवारी २०२३ मध्ये ते बीजिंगला जाऊनही आले. पुढच्याच महिन्यात चिनी तटरक्षक जहाजाने फिलिपिन्सच्या तटरक्षक बोटीवर लष्करी दर्जाचा लेझर रोखला, खलाशांना काही क्षण दिसेनासं झालं. चार नव्या ठाण्यांची घोषणा त्याच महिन्यातली आहे, तिची बोलणी अर्थात आधीपासून चालू होती. घरातली आठवण काहीही असो, अध्यक्षाच्या टेबलावर रोज सकाळी समुद्रातला अहवाल येतो.

निळावंती

वसुधाताई, मांडणी आवडली, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. "अटी बदलल्या" असं म्हटलं की दोन बरोबरीचे देश टेबलाशी बसून घासाघीस करत होते असं वाटतं. बेल कायद्यावर तुम्ही चार ओळी लिहिल्यात. माझ्या मते सगळं तिथेच ठरलं.

बघा, घटनादुरुस्तीला फिलिपिन्सच्या काँग्रेसमध्ये तीन चतुर्थांश मतं हवी होती. १९४६ मध्ये लुझोन या मुख्य बेटाच्या मध्यभागातल्या शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या डेमोक्रॅटिक अलायन्सच्या सदस्यांना, आणखी काही विरोधकांसकट, जागाच घेऊ दिल्या नाहीत. ते बसले असते तर दुरुस्ती पास होणं अवघड होतं. त्या सदस्यांमध्ये लुईस तारुक होते, जपान्यांविरुद्ध लढलेल्या हुकबलाहाप गनिमांचे नेते. त्यांना सभागृहातून बाहेर ठेवलं आणि काही महिन्यांत हुकांचं बंड पेटलं. ते मोडायला अमेरिकन सल्लागार आणि पैसा आला. नव्या देशाच्या पहिल्याच वर्षी आतल्या वर्गसंघर्षात बाहेरची सत्ता एका बाजूने उभी राहिली. साखर आणि नारळाचे बागाईतदार, ज्यांचा माल अमेरिकेत करमुक्त जात होता, त्यांना ही मैत्री हवी होती. परराष्ट्र धोरण कोणाचं, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते कसं वळलं हे सांगता येणार नाही.

आणि सैनिकांचं काय? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनोंना निवृत्त सैनिकांचे लाभ मिळतील असं सांगितलं होतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ते काढून घेतले. २००९ मध्ये एकरकमी भरपाई मंजूर झाली. अमेरिकन नागरिक असलेल्यांना १५,००० डॉलर, नसलेल्यांना ९,०००. तोवर बहुतेक जण गेलेले होते. ज्या मैत्रीला तुम्ही गुंतलेलं नातं म्हणता, तिच्यात एका बाजूचा शब्द इतका स्वस्त होता.

वसुधा

निळावंती, सुरुवात अत्यंत विषम होती हे पूर्णपणे मान्य, आणि १९४६ च्या त्या सदस्यांची आठवण दिलीत हे फार चांगलं केलंत. माझं म्हणणं एवढंच की ज्या देशाची सुरुवात तशी झाली, त्याने ९९ चे २५ केले, मग झेंडा बदलला, मग तळच काढले. बागाईतदारांचं वजन १९९१ मध्येही संपलेलं नव्हतं. तरी मत गेलं.

सुहास_म

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या विषयात सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान तेच आहे.

मार्कोस गेल्यावर १९८७ ची राज्यघटना झाली. तिच्या १८ व्या भागातलं कलम २५ सांगतं की १९९१ मध्ये तळांचा करार संपल्यावर परकीय तळ, सैन्य किंवा सुविधा देशात राहणार नाहीत. अपवाद एकच, सेनेटने मान्य केलेला तह. काँग्रेसला वाटलं तर जनमतही घ्यायचं, आणि समोरच्या देशानेही तो तह म्हणून मानलेला असायला हवा. दुसऱ्या भागात अण्वस्त्रमुक्त देशाचं धोरण आहे. सेनेटमध्ये तह मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे १९९१ मध्ये बाजूने ११ मतं पडली ती केवळ एका मताने कमी नव्हती, बरीच कमी होती. १२-११ या आकड्यामुळे लोकांना ती चुरशीची लढत वाटते.

यानंतरचा प्रत्येक करार या कलमाभोवती फिरतो. १९९८ चा करार सैन्य "भेटीवर" येतं म्हणून, तोही सेनेटमध्ये नेला. २०१४ चा वाढीव संरक्षण सहकार्य करार मात्र धाकटे आकिनो (कोराझोन यांचे चिरंजीव) यांच्या सरकारने सेनेटकडे नेलाच नाही. म्हणणं असं की हा नवा तह नाही, १९५१ आणि १९९८ च्या तहांची अंमलबजावणी आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बहुमताने सरकारची बाजू मान्य झाली. मला तो निकाल अडचणीचा वाटतो. ज्या पिढीने हे कलम लिहिलं तिला नेमका असाच आडमार्ग बंद करायचा होता.

पण निकालामुळे मिळालं काय तेही सांगतो. या करारातली ठाणी फिलिपिन्सच्या सैन्याची, मालकी त्यांची, अमेरिकन खर्चाने उभारलेल्या इमारती शेवटी त्यांच्याच. अण्वस्त्रं आणायला मनाई. १९४७ च्या सुबिकशी याची तुलना होत नाही. सुबिक आणि क्लार्कवर अमेरिकनांचा अधिकार इतका होता की तळावर फिलिपिनो माणसाला गोळी घातली गेली तरी आरोपी सैनिक देशाबाहेर निघून जाई.

गुन्ह्यांबाबतचं दुखणं मात्र पूर्ण गेलेलं नाही. २०१४ मध्ये ओलोंगापोत एका अमेरिकन मरीनने ट्रान्सजेंडर स्त्रीचा खून केला. फिलिपिनो न्यायालयाने शिक्षा दिली, पण त्याला ठेवलं ते मनिलातल्या लष्करी छावणीत, साध्या तुरुंगात नव्हे. २०२० मध्ये त्याला माफी देऊन सोडलं, आणि ती माफी दिली अमेरिकेवर सर्वाधिक तोंडसुख घेणाऱ्या अध्यक्ष दुतेर्ते यांनी.

मृण्मयी

वाचते आहे. सुहासदादा, शेवटचा परिच्छेद वाचून सुन्न झाले.

रानवारा

दुतेर्तेंबद्दल इथे एकतर्फी होऊ नये म्हणून लिहितो. त्यांच्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत हजारो माणसं मारली गेली, त्याचं समर्थन कोणी करणार नाही. पण चीनकडे वळण्यामागे फक्त राग होता असं म्हणणं अन्यायाचं आहे.

एक तर ते दक्षिणेकडच्या मिंडानाओचे. त्या बेटांवर अमेरिकेची आठवण बातानची नाही, १९०६ च्या बुद दाहोची आहे. होलो बेटावरच्या विवरात शेकडो मोरो (तिथले मुस्लिम) स्त्रीपुरुष आणि मुलं अमेरिकन सैन्याने मारली, त्याचं छायाचित्र आजही पाहवत नाही. दुतेर्तेंनी अध्यक्ष झाल्यावर तीच छायाचित्रं दाखवली. २००२ मध्ये मिंडानाओतल्या दावाओ शहराच्या एका हॉटेलात स्फोट झाला तेव्हा संशयित अमेरिकन नागरिकाला अमेरिकन अधिकाऱ्यांनी इस्पितळातून परस्पर देशाबाहेर नेलं. तेव्हा महापौर दुतेर्ते होते. मनिलाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून मिंडानाओ दिसत नाही.

दुसरं, २०१२ चा अनुभव. स्कारबरोवर दोन्ही बाजूंनी जहाजं मागे घ्यायची असं अमेरिकेच्या मध्यस्थीने ठरल्याचं फिलिपिन्सचं म्हणणं. त्यांनी घेतली, चीन तिथेच राहिला, आणि अमेरिकेने काही केलं नाही. त्याच काळात चीनच्या बंदरांत फिलिपिनो केळ्यांचे कंटेनर तपासणीच्या नावाखाली सडत पडले होते. ती केळी मिंडानाओची. जो मित्र खडक वाचवत नाही त्याच्यासाठी शेतकऱ्याने का मरायचं, हा प्रश्न दावाओच्या माणसाला पडणारच.

तिसरं, ऑक्टोबर २०१६ च्या बीजिंग भेटीनंतर काही दिवसांतच फिलिपिनो मच्छीमार स्कारबरोच्या आसपास परत मासे धरू लागले. चार वर्षं जे जमलं नव्हतं ते झालं. लवादाचा १२ जुलै २०१६ चा निकाल जवळजवळ पूर्ण फिलिपिन्सच्या बाजूचा होता, दक्षिण चीन समुद्राच्या नकाशावर चीनने काढलेल्या नऊ तुटक रेषांच्या दाव्याला कायद्याचा आधार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. पण निकालाने एकही बोट आत गेली नव्हती.

वसुधा

रानवारा, अतिशय मोलाचा प्रतिसाद. मिंडानाओची बाजू मी मूळ लेखात घ्यायला हवी होती असं अनेकांना वाटेल आणि ते रास्त आहे.

दुतेर्तेंच्या सहा वर्षांत प्रत्यक्षात काय घडलं ते मात्र बघू. बीजिंगहून २४ अब्ज डॉलरची आश्वासनं घेऊन आले. मनिलात काही पूल झाले, एका धरणाचं कर्ज आलं. मिंडानाओची रेल्वे, सुबिक ते क्लार्क रेल्वे आणि बिकोलकडची रेल्वे, या तिन्हींसाठी चिनी कर्ज येणार होतं, ते आलं नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो नादच सोडला. मनिलाची भुयारी रेल्वे जपानच्या कर्जातून होते आहे.

२०१७ मध्ये मारावी शहर इस्लामिक स्टेटशी निष्ठा सांगणाऱ्या गटांनी ताब्यात घेतलं, पाच महिने लढाई चालली. चीनने रायफली दिल्या. आकाशातून टेहळणी केली ती अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी. अध्यक्ष म्हणाले की आपण अमेरिकेकडे मदत मागितलीच नव्हती. सैन्याने ती घेतली. तिथले अधिकारी दोन-तीन पिढ्या अमेरिकन लष्करी शाळांत शिकत आले आहेत, त्यांची शस्त्रं, सराव, संदेशयंत्रणा तिकडची. एका भाषणाने ते बदलत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी भेटीवरच्या सैन्याचा करार रद्द करण्याची नोटीस दिली. निमित्त त्यांच्या एका निकटवर्ती सेनेटरचा अमेरिकन व्हिसा रद्द झाल्याचं. नोटिशीची मुदत १८० दिवस. जूनमध्ये ती स्थगित केली, नोव्हेंबरात पुन्हा स्थगित केली, २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा, आणि जुलैअखेर मागे घेतली. अमेरिकेकडून लसी येत होत्या, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिट्सन रीफपाशी दोनशेहून अधिक चिनी बोटी एकमेकींना बांधून उभ्या होत्या.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत होतो. जगातल्या कुठल्याही जहाजावर जा, क्रूमध्ये फिलिपिनो असणारच. आमचा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सांबालेस प्रांतातल्या मासिनलोकचा होता. स्कारबरोला तिकडे बाहो दे मासिनलोक म्हणतात, म्हणजे त्याच्याच गावाच्या नावाचा खडक. लुझोनच्या किनाऱ्यापासून साधारण १२० सागरी मैल. वाऱ्यावादळात आत शिरून थांबायला तिथे खाजण आहे, म्हणून लहान बोटींना त्याची किंमत. त्याचे वडील, काका तिथेच मासे धरत आलेले.

या माणसाला अमेरिका आवडत होती का? त्याचा भाऊ सुबिकमध्ये वेल्डर होता, तळ गेल्यावर बेकार झाला. बहीण अमेरिकेत नर्स. तो दुतेर्तेचा कट्टर मतदार होता, आणि चीनचा विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा. त्याला यात काही विसंगत वाटत नव्हतं आणि मलाही वाटलं नाही. तो म्हणायचा, आमच्या बोटीला आत जाऊ दे, मग कोणाचा झेंडा कुठे लावायचा ते मनिलावाले बघतील.

इथे सगळे करार आणि कलमांवर बोलतायत, बरोबरच आहे. फक्त खाजणात शिरता आलं नाही तर त्या घरात त्या आठवड्यात पैसे येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. रानवारांनी सांगितलेली २०१६ ची सूट खरी आहे, पण ती खडकाच्या बाहेरच्या बाजूला होती. खाजणाच्या आत चीनने जाऊ दिलं नाही. पुढे तोंडावर तरंगता अडथळा बांधला, सप्टेंबर २०२३ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षक दलाने तो दोर कापला.

जयराज

दर्यावर्दी, हा प्रतिसाद वाचायला धागा उघडल्याचं सार्थक झालं.

केदार_जे

तुलनेसाठी व्हिएतनाम घ्या. फ्रेंच वसाहत, मग अमेरिकेशी वीस वर्षांचं युद्ध, १९७९ मध्ये चीनशी युद्ध, सोव्हिएत छत्र, काम रान्हच्या नौदल तळावर २००२ पर्यंत रशियन. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेला त्यांनी आपल्या भागीदारीच्या सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन ठेवलं, जिथे चीन आणि रशिया आधीच होते. लष्करी युती नाही, परकी तळ नाहीत, एकाच्या बाजूने दुसऱ्याविरुद्ध जाणार नाही, हे त्यांचं जाहीर धोरण. चीनने त्यांच्याही मच्छीमारांना मारहाण केली आहे. पण व्हिएतनाम स्वतःच्या खडकांवर भराव घालत सुटला आहे आणि फारसा गाजावाजा करत नाही. मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

निळावंती

केदार, व्हिएतनामकडे स्वतःचं लढलेलं सैन्य होतं. फिलिपिन्सने समुद्राचं रक्षण कायम अमेरिकेवर सोडलं आणि स्वतःचं सैन्य आतल्या बंडखोरांविरुद्ध वापरलं. १९९२ मध्ये सुबिक रिकामं झालं तेव्हा त्यांच्या नौदलाकडे महायुद्धातली जहाजं होती. १९९९ मध्ये सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळखडकावर जे जहाज मुद्दाम रुतवून ठेवलं आणि ज्यावर आजही मूठभर मरीन राहतात, ते सिएरा माद्रे म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन रणगाडावाहू जहाज. २०१२ मध्ये स्कारबरोला पाठवलेलं ग्रेगोरिओ देल पिलार हे अमेरिकन तटरक्षक दलाने निवृत्त केलेलं. मैत्रीची खरी किंमत ही आहे. ज्याच्यावर विसंबलात, त्याने तुम्हाला स्वतःचं नौदल उभारायची गरजच भासू दिली नाही.

वसुधा

निळावंती, इथे मी तुमच्याशी शब्दशः सहमत आहे. आणि मला वाटतं गेल्या काही वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा बदल इथेच आहे. दक्षिण कोरियाकडून नव्या फ्रिगेट युद्धनौका घेतल्या, जपानने तटरक्षक दलाला मोठी जहाजं दिली. जानेवारी २०२२ मध्ये भारताकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा ३७.५ कोटी डॉलरचा करार झाला, पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोचली. तारीख नीट बघा, करार दुतेर्तेंच्या कारकिर्दीतला आहे. चीनशी गोड बोलणाऱ्या सरकारच्या संरक्षण खात्याने जहाजविरोधी क्षेपणास्त्रं मागवली.

जुलै २०२४ मध्ये जपानशी करार झाला की दोन्ही देशांचं सैन्य एकमेकांकडे जाऊन सराव करू शकेल. १९४५ ची मनिला ज्यांनी पाहिली त्यांच्यातले काही त्या दिवशी हयात असतील. डिसेंबरात सेनेटने तो विरोधी मत न पडता मंजूर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताशी धोरणात्मक भागीदारी झाली आणि दोन्ही नौदलं दक्षिण चीन समुद्रात एकत्र फिरली. जुन्या धन्याशी असलेली गाठ तशीच ठेवून तिच्या आजूबाजूला इतरांशी गाठी मारणं चालू आहे.

रानवारा

पण एक सांगा. उत्तर लुझोनमधल्या कागायान आणि इसाबेला प्रांतांत नवी ठाणी दिलीत. ती स्कारबरोपासून दूर आणि तैवानच्या समोर आहेत. कागायानच्या राज्यपालांनी त्याच कारणाने विरोध केला होता. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर लुझोनमध्ये अमेरिकेने आणलेली टायफॉन क्षेपणास्त्र यंत्रणा सरावानंतर परत गेलीच नाही. हे फिलिपिन्सच्या समुद्रासाठी आहे की अमेरिकेच्या तैवानसाठी? तैवानमध्ये दीड लाखाच्या आसपास फिलिपिनो कामाला आहेत, युद्ध झालं तर त्यांना आणणार कोण? अटी बदलल्या म्हणता, तर या अटीचा फायदा कोणाला?

सुहास_म

रानवारा, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर १९५१ च्या करारात आहे, म्हणून मजकुरावर येतो.

त्या करारातलं चौथं कलम म्हणतं की पॅसिफिक क्षेत्रात दोघांपैकी कोणावर सशस्त्र हल्ला झाला तर तो स्वतःच्या शांतता-सुरक्षेला धोका मानून प्रत्येक देश आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार पाऊल उचलेल. नाटोच्या करारापेक्षा ही भाषा सैल आहे. पाचव्या कलमात हल्ला म्हणजे काय ते दिलं आहे. मुख्य भूमी, पॅसिफिकमधली बेटं, किंवा पॅसिफिकमधली सैन्यदलं, सरकारी जहाजं, विमानं. दक्षिण चीन समुद्र पॅसिफिकमध्ये धरायचा की नाही हे अनेक दशकं अमेरिकेने जाहीरपणे, नेमकेपणाने सांगायचं टाळलं. २०१२ मध्ये याच संदिग्धतेने फिलिपिन्सला एकटं पाडलं.

डिसेंबर २०१८ मध्ये दुतेर्तेंचे संरक्षणमंत्री लोरेन्झाना यांनी उघडपणे मागणी केली की कराराचा फेरविचार करा, ठेवायचा, घट्ट करायचा की मोडायचा ते ठरवू. मार्च २०१९ मध्ये अमेरिकन परराष्ट्रमंत्री पॉम्पिओ मनिलात येऊन म्हणाले की दक्षिण चीन समुद्र पॅसिफिकचाच भाग आहे, तिथला हल्ला चौथ्या कलमात येतो. मे २०२३ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत तटरक्षक दलाची जहाजंही नावानिशी आली. फिलिपिन्सचं हित इथे आहे, आणि कागायानची ठाणी ही त्याची दिलेली किंमत आहे, असं मी वाचतो. किंमत जास्त आहे का, यावर तुमच्याशी माझा फार वाद नाही.

पण आणखी दोन गोष्टी राहतात. जून २०२४ मध्ये सेकंड थॉमसपाशी चिनी तटरक्षकांनी कुऱ्हाडी-सुरे घेऊन फिलिपिनो रबरी बोटी अडवल्या, एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. मनिलानेच त्याला सशस्त्र हल्ला म्हणायचं टाळलं. म्हणजे चौथं कलम कधी लागू करायचं याची किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे. आणि आठव्या कलमाप्रमाणे कोणताही पक्ष एक वर्षाची नोटीस देऊन हा करार संपवू शकतो. दुतेर्तेंनी भेटीच्या कराराची नोटीस दिली, या कराराची दिली नाही. ट्रम्प यांच्या वॉशिंग्टनकडे बघता ती नोटीस कोणत्या बाजूकडून येऊ शकते, हा प्रश्न आता मनिलात विचारला जातो आणि जपान, भारत, कोरिया यांच्याशी चाललेली घाई मला त्यामुळेच समजते.